किल्ली कमरेलाच हवी

मैत्रिणींनो, पापड-मसाल्याच्या ऑर्डरी आता मोबाइलवरच येतात. स्टेटसला फोटो टाकला, की 'ताई, किलोभर ठेवा' असा निरोप हजर! छानच आहे. पण ही जागा आपल्या मालकीची नाही, हे विसरून कसं चालेल?

२९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने टिकटॉकसह ५९ चिनी ॲपवर बंदी घातली आणि अनेकींनी कष्टाने जमवलेला प्रेक्षक रातोरात गेला. ४ ऑक्टोबर २०२१ च्या रात्री फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप सुमारे सहा तास एकदमच बंद पडले. आपल्याला वाटलेली तीन दुकानं निघाली एकाच मालकाच्या वाड्यातली!

म्हणून गिऱ्हाइकांची नावं, फोन नंबर वहीत उतरवून ठेवा. धंद्याचा नंबर वेगळा घ्या. अकाउंट मुलाच्या किंवा पुतण्याच्या नावावर नको. पासवर्ड तुमच्याकडेच हवा. उद्या तो नोकरीला शहरात गेला, की धंदाही त्याच्याबरोबर जायचा! आणि महिनाअखेर हिशेब मांडा, लाइक किती आणि त्यातून ऑर्डरी किती. लाइकवर गॅसचं सिलिंडर मिळत नाही. मोबाइल जरूर वापरा, पण धंद्याची किल्ली आपल्याच कमरेला असू द्या.