रजिस्टरातला एक शब्द



गेल्या पौर्णिमेला विहारात वंदना आटोपली, आम्ही सतरंज्या गोळा करत होतो, तेव्हा एक गृहस्थ बाजूला येऊन उभे राहिले. प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी करून ठेवलेला कागद त्यांनी खिशातून काढला. "भाऊ, यात काय लिवलं हाये, पाहा बरं." कागद तपासणी शिबिरातला होता. नाव त्यांच्या मुलीचे, वय २२, आणि शेवटच्या रकान्यात निळ्या शाईने एकच शब्द: पॉझिटिव्ह.

मुलीची सोयरीक जुळत आली होती. मुलाकडच्यांच्या कानावर गेले की पोरीला सिकलसेल आहे, आणि बोलणी थांबली. आई रडते, पोरगी कोणाशी बोलत नाही, आणि बाप तो कागद घेऊन दारोदार फिरतो आहे. विदर्भातल्या आपल्या वस्त्यांत ही गोष्ट नवी नाही. सिकलसेल आदिवासी बांधवांत आहे, तसाच आपल्या बौद्ध समाजातही आहे.

आता हा शब्द काय सांगतो ते पाहू. शिबिरात बोटातून रक्ताचा थेंब घेऊन बहुधा सोल्युबिलिटी नावाची साधी चाचणी करतात. नळीतले द्रावण गढूळ झाले की पॉझिटिव्ह. पण ते वाहकाचेही गढूळ होते आणि रुग्णाचेही! वाहक म्हणजे आई किंवा बाप, दोघांपैकी एकाकडूनच सिकलचे जनुक आलेला माणूस. डॉक्टर त्याला 'एएस' म्हणतात. तो बहुधा सर्वांसारखाच जगतो, कामधंदा करतो. रुग्ण म्हणजे दोन्हीकडून जनुक आलेला, 'एसएस'. त्याला सांधेदुखीचे झटके, रक्त कमी होणे, वारंवार दवाखाना. दोघांतला फरक कळायला इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही पुढची तपासणी लागते. म्हणजे त्या कागदावरचा शब्द खोटा नव्हता, अर्धवट होता. एका अर्धवट शब्दावर एका मुलीचे लग्न अडले.

मी वीस वर्षे कारकुनी केली आहे. रकाना रिकामा राहिला की साहेब रागावतात, म्हणून त्यात काहीतरी भरले जाते, हे मला चांगले ठाऊक आहे. त्यामुळे शिबिरात लिहायला बसलेल्या कंत्राटी पोराला मी दोष देणार नाही. त्याच्यासमोर जो तक्ता ठेवला, त्यात 'वाहक', 'रुग्ण', 'पुढील तपासणी बाकी' असे तीन रकाने असते तर त्याने ते भरले असते. मग प्रश्न असा येतो की तक्त्यात कोणते रकाने असावेत, हे कोण ठरवते?

हे ठरवणाऱ्या समित्या आहेत, आणि त्या आपल्यापासून फार दूर बसतात. सगळ्यात वर जागतिक आरोग्य संघटनेची रोगांची यादी. तिच्या दहाव्या आवृत्तीत सिकलसेल वाहकाला डी ५७.३ हा क्रमांक आहे आणि झटका नसलेल्या रुग्णाला डी ५७.१. म्हणजे जगाच्या वहीत हा फरक केव्हाच झालेला आहे. अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. आपल्या देशात केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने तज्ज्ञांच्या समितीकडून शिफारशी घेऊन २०१३ साली संगणकीय आरोग्य नोंदींची मानके जाहीर केली, आणि डिसेंबर २०१६ मध्ये ती सुधारली. रोगांची आकडेवारी कोणत्या क्रमांकाने ठेवायची, डॉक्टरांचे शब्द कोणत्या कोशातून घ्यायचे, प्रयोगशाळेतल्या तपासण्यांना कोणती नावे द्यायची, हे त्यात आहे. शब्दांसाठी 'स्नोमेड सीटी' नावाचा आंतरराष्ट्रीय कोश धरला आहे. २०१४ साली भारत त्या संस्थेचा सभासद झाला, म्हणून आपल्याकडच्या दवाखान्यांना तो फुकट वापरता येतो. हे काम सांभाळणारे केंद्र आपल्या पुण्यातच, सी-डॅकमध्ये आहे. किती जणांना हे ठाऊक असेल?

दुसरीकडे भारतीय मानक ब्यूरो. विटेपासून हेल्मेटपर्यंत आयएसआयचा शिक्का देणारे हेच. त्यांच्या वैद्यकीय विभागाखाली आरोग्य माहितीची एक समिती आहे. आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने १९९८ मध्ये याच विषयाची समिती स्थापन केली, तिच्याशी आपली ही समिती जोडलेली आहे. अशा समितीत सरकारी खाती, कंपन्या, शिक्षणसंस्था आणि ग्राहकांच्या संघटना यांचे प्रतिनिधी बसू शकतात. मानकाचा मसुदा तयार झाला की तो लोकांच्या अभिप्रायासाठी ठराविक मुदतीकरिता खुला ठेवतात, आलेल्या हरकतींचा विचार करतात, मग मानक छापतात. पाच वर्षांतून एकदा तरी ते पुन्हा तपासायचे असा नियम आहे. पद्धत चांगली आहे. पण मसुद्यावर हरकत पाठवणाऱ्यांत आपल्या वस्तीतला एखादा तरी माणूस असतो का? मी माझ्यापुरते सांगतो, दोन वर्षांपूर्वीपर्यंत मला हा दरवाजा आहे हेच माहीत नव्हते.

आणि ही मानके बहुतेक ऐच्छिक आहेत. २०१६ ची मानके दवाखान्याने पाळलीच पाहिजेत अशी सक्ती नाही. त्यामुळे दिल्लीच्या कागदावर तीन शब्द आणि गावच्या रजिस्टरात एक, असे होते.

कोणी म्हणेल, रकान्याचे एवढे काय? बाबासाहेबांना विचारा. १९३२ च्या लोथियन समितीत बाबासाहेब सभासद होते. तेव्हा अस्पृश्य म्हणजे कोण, याचीच व्याख्या इतकी ताणली गेली की काही प्रांतांत आमच्याकडे अस्पृश्य जवळजवळ नाहीतच, असे सांगण्यापर्यंत मजल गेली. व्याख्या बदलली की माणसे कागदावरून पुसली जातात! बाबासाहेबांनी त्यावर स्वतःचे वेगळे टिपण जोडले. समितीत ते होते म्हणून ते टिपण झाले.

आज सिकलसेलचेही तसेच आहे. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले. १७ राज्यांत, ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी हे त्याचे उद्दिष्ट ठेवले. अभियानाचा भर आदिवासी भागांवर आहे, आणि तो असायलाच हवा. पण नागपूर-भंडाऱ्याकडच्या बौद्ध वस्त्या त्या हिशेबात कुठे बसतात, हे आपणच विचारत राहिले पाहिजे. २०१६ च्या अपंग हक्क कायद्यात २१ प्रकारच्या अपंगत्वांत सिकलसेल आजार आला आहे. तो आजाराला आहे, वाहकाला नाही. म्हणजे 'पॉझिटिव्ह' एवढ्या शब्दावर रुग्णाला प्रमाणपत्र मिळत नाही, आणि वाहकाला उगाच कलंक मात्र लागतो. दोघांचेही नुकसान.

दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर मी एकाच अंगाने बोललो असे होईल. नोंद नीट झाली की ती एका दवाखान्यातून दुसऱ्यात जाऊ लागते. २०२१ पासून देशभर सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनमध्ये माणसाला १४ आकडी 'आभा' क्रमांक मिळतो. तो घेणे ऐच्छिक आहे, हे घरोघरी सांगा. शिबिरात टेबलापाशी घाईघाईने अंगठा मागितला तर कशासाठी ते विचारा. ऑगस्ट २०२० मध्ये या मिशनच्या माहिती धोरणाचा मसुदा निघाला, तेव्हा संवेदनशील माहितीच्या यादीत जात-जमात, धर्म आणि जनुकीय माहितीही होती. हरकती पाठवायला सुरुवातीला जेमतेम आठवडा दिला होता. टाळेबंदीचे दिवस, मसुदा इंग्रजीत. ओरड झाली म्हणून मुदत वाढली. पुढे २०२३ साली माहिती संरक्षणाचा कायदा झाला, त्यात मात्र संवेदनशील माहितीचा असा वेगळा वर्गच ठेवलेला नाही. आपली जात आणि आपले रक्त, दोन्ही एकाच नोंदीत असताना ती कोण पाहणार, याची काळजी आपल्याला इतरांपेक्षा जास्त असणे साहजिक आहे. समाजाची आकडेवारी हवी, त्याशिवाय हक्क मागता येत नाही. पण एकट्या मुलीचा कागद चावडीवर वाचला जाता कामा नये.

त्या मुलीला आम्ही सरकारी रुग्णालयात पुढच्या तपासणीसाठी नेले. अहवाल आला: एएस. वाहक. बापाला तीनदा समजावून सांगितले की पोरगी आजारी नाही. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण होण्याची शक्यता चारात एक असते. नवऱ्या मुलाचे रक्त सिकल आणि थॅलेसेमिया दोन्ही बाबतींत स्वच्छ निघाले, तर ती काळजी नाही. म्हणजे खरा प्रश्न मुलाच्या रक्ताचाही होता. त्याची तपासणी झालीच नव्हती! कोणी मागितलीही नव्हती. मुलगी तेवढी शिबिरात गेली, म्हणून डाग तिच्या नावावर. मी मुलाकडे जाऊन हे बोललो. त्याच्या आईला आवडले नाही. मुलगा मात्र ऐकून घेत होता, आणि येत्या मंगळवारी रक्त द्यायला येतो म्हणाला आहे.

ज्यांच्या घरी नुसते 'पॉझिटिव्ह' लिहिलेले कागद आहेत, त्यांनी ते येत्या रविवारी सकाळी दहा वाजता विहारात घेऊन यावे. नावे कोणालाही दाखवली जाणार नाहीत. असे किती कागद आहेत ते मोजायचे आहे. तो आकडा जोडून जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना एक अर्ज आणि मानक ब्यूरोच्या समितीला एक पत्र तयार केले आहे. पत्र मराठीत लिहिले आहे. इंग्रजी करून देणारा कोणी शिकलेला मुलगा किंवा मुलगी असेल तर त्यांनीही यावे.