विश्लेषण : ई-चलान चुकीचे असेल तर दाद कुठे मागायची?

सातपूर किंवा अंबडच्या कारखान्यातील कामगाराच्या मोबाइलवर अतिवेगाचे ई-चलान येते. चलान चुकीचे वाटले तरी कोर्टात जायचे म्हणजे दिवसाचा पगार बुडणार, म्हणून तो दंड भरून मोकळा होतो. दुसरा कोणी ‘लोकअदालतीत कमी होईल’ म्हणून वर्षभर थांबतो. चलान हा आरोप आहे, निकाल नव्हे, ही गोष्ट दोघांच्याही ध्यानात येत नाही.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायद्याच्या कलम १८३ नुसार हलक्या वाहनाच्या अतिवेगाला १ ते २ हजार, तर मध्यम व जड वाहनाला २ ते ४ हजार रुपये दंड आहे. कलम २०० नुसार तडजोडीची रक्कम भरली की प्रकरण मिटते. मात्र दुसऱ्यांदा अतिवेगाने वाहन चालवल्यास परवानाही जप्त होऊ शकतो. त्यामुळे न केलेल्या गुन्ह्याचे पैसे निमूटपणे भरणे पुढे महागात पडू शकते.

हरकत कोणत्या मुद्द्यांवर?

केवळ एका साक्षीदाराच्या अंदाजावरून अतिवेगाचा दोष सिद्ध होत नाही, यंत्राने केलेली मोजणी लागते. केंद्राच्या २०२१ च्या नियमांनुसार या यंत्राला मान्यता प्रमाणपत्र हवे आणि त्याचे दरवर्षी नूतनीकरण हवे. कॅमेरा असल्याची सूचना देणारा फलक आधी दिसायला हवा. चलानवरील क्रमांक, ठिकाण, वेळ आणि छायाचित्रातील वाहन तपासावे. गाडी विकली असेल तर कलम ५० प्रमाणे आरटीओला कळवल्याचा पुरावा जोडावा. राज्यांतर्गत विक्रीसाठी ही मुदत १४ दिवसांची आहे. नोंदणी जुन्याच नावावर राहिली तर चलानही जुन्याच मालकाला येत राहते.

मार्ग कोणता?

पहिली तक्रार महाट्रॅफिक अ‍ॅप किंवा संकेतस्थळावर, पुराव्यासह करावी आणि तिची नोंद जपून ठेवावी. दाद मिळाली नाही, तर न्यायालयात गुन्हा नाकबूल करण्याचा हक्क आहे. दंडाच्या नावाने व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली एपीके फाइल मात्र कधीही उघडू नये. ती फसवणूक असते.

मोफत वकील कोणाला?

विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ नुसार महिला, मुले, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती, दिव्यांग आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळू शकतो. इतरांसाठी उत्पन्नमर्यादा आहे. प्रकरणात प्रथमदर्शनी तथ्य असावे लागते. अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे करायचा असतो. १५१०० या क्रमांकावरही माहिती मिळते.

लोकअदालतीचे काय?

राष्ट्रीय लोकअदालतीत चलानची प्रकरणेही ठेवली जातात. तेथे सवलत मिळू शकते, पण तो हक्क नाही. शिवाय लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नाही. त्यामुळे चूक मान्य असलेल्याने तेथे जावे, चलानच खोटे असेल तर आधी हरकत नोंदवावी.

मद्यपान करून वाहन चालवण्याचा गुन्हा तडजोडीने मिटत नाही. अल्पवयीन मुलाच्या हाती गाडी दिल्यास पालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो. अशा प्रकरणांत पहिल्या दिवसापासून वकील हवाच.

अतिवेगाने माणसे मरतात, म्हणून दंड हवा आणि तो कडकही हवा. पण पैसे भरायला मोबाइलवरचे एक बटण आणि चूक दाखवायला कोर्टाचे हेलपाटे, हा तोल योग्य नाही. चलानच्या संदेशातच हरकतीची पद्धत आणि १५१०० हा क्रमांक छापला, जिल्हा न्यायालयात आठवड्यातून एक दिवस चलान मदत कक्ष चालवला, तर फार खर्च येणार नाही. चुकीच्या चलानविरुद्ध ऐकून घेणारे कोणी आहे हे दिसले, तर बरोबर असलेला दंडही लोक कुरकुर न करता भरतील.