पडद्यावरचा लाव्हा आणि वर्धेकाठचा कातळ

कौंडण्यपूर म्हटले की वऱ्हाडात कुणालाही रुक्मिणीचे माहेर आठवते, आषाढीला पंढरपूरकडे निघणारी तिची पालखी आठवते. ज्वालामुखी काही कुणाला आठवत नाही. पण वर्धेच्या काठावरचा तो काळा कातळ, तिवसा-आर्वीच्या शिवारात कपाशी आणि तूर ज्या मातीत उभी राहते ती काळी माती, विहीर खणताना ज्या थरावर पहार टणकन वाजते तो थर, हे सगळे मुळात लाव्हाच. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांतून तो बाहेर आला आणि थरावर थर साचत गेला. आज उरलेला त्याचा पसारासुद्धा जवळपास पाच लाख चौरस किलोमीटरचा आहे.

एवढ्या मोठ्या ज्वालामुखीच्या अंगाखांद्यावर आपण राहतो, आणि ज्वालामुखी म्हणजे काय हे शिकतो मात्र सिनेमातून. सुट्टीच्या दिवशी टीव्हीवर एखादा चित्रपट लागतो. डोंगर फुटतो, लाल रस उसळतो, नायक जीप पळवतो, कुत्रा वाचतो. ‘सिनेमाच आहे, त्यात शास्त्र काय शोधायचे?’ असे कुणी म्हणेल. तेही खरे आहे. पण आपत्तीचे शिक्षण ज्यांना दुसरीकडे कुठेच मिळत नाही, त्यांच्यासाठी सिनेमा हीच शाळा असते. म्हणून चुका किती हे मोजत बसण्यापेक्षा त्या चुका माणसाला कोणत्या दिशेला पळायला शिकवतात, हे पाहावे असे मला वाटते.

१९९७ साली दोन महिन्यांच्या अंतराने हॉलीवूडचे दोन चित्रपट आले, ‘डान्टेज पीक’ आणि ‘व्होल्कॅनो’. दुसऱ्यात लॉस एंजेलिस शहराच्या पोटातून लाव्हा निघतो. हे मुळातच अवघड आहे. तिथे भूकवचाचे दोन तुकडे एकमेकांना घासून सरकतात. त्यातून भूकंप होतात, पण खडक वितळून वर यावा अशी ती रचना नाही. त्याच चित्रपटात भुयारी रेल्वेचा एक अधिकारी सहकाऱ्याला वाचवताना लाव्ह्यात उतरतो आणि हळूहळू त्यात बुडतो. प्रसंग हलवून टाकणारा आहे, पण लाव्हा म्हणजे वितळलेला दगड. तो पाण्याच्या अडीचपट किंवा त्याहून जड असतो, आणि माणूस जेमतेम पाण्याइतका. माणूस त्यात बुडणार नाही, वरच राहील आणि वरच्यावर जळेल. खरे तर इतक्या जवळ जाण्याआधीच हजार-अकराशे अंशांची धग त्याला गाठेल.

गंमत अशी की याच चित्रपटातली सगळ्यात अशक्य वाटणारी गोष्ट खऱ्याच्या जवळ जाते. सिमेंटचे अडथळे लावून आणि पाणी मारून लोक लाव्हा थोपवतात. १९७३ साली आइसलँडच्या हेमाए बेटावर लोकांनी समुद्राचे पाणी पंपाने मारून लाव्हा थंड केला, त्याचा वेग मोडला आणि आपले बंदर वाचवले. फक्त ते काम एका रात्रीत झाले नाही, त्याला महिने लागले.

‘डान्टेज पीक’ त्या मानाने अभ्यास करून काढलेला. छोटे भूकंप, झऱ्याचे अचानक वाढलेले तापमान, वाळलेली झाडे, नळाला येणारे घाण पाणी, डोंगरातून निघणारा वायू अशी ज्वालामुखीची पूर्वचिन्हे तो नीट दाखवतो. पुढे राखेचा अंधार आणि नदीतून येणारा चिखलाचा लोंढाही दाखवतो. पण शेवटी त्यालाही मोह आवरत नाही. नायक लाव्ह्यावरून गाडी नेतो, तळ्याचे पाणी काही मिनिटांत आम्ल होऊन धातूची नाव खाऊन टाकते, आणि डोंगरावरून उतरणाऱ्या तप्त ढगाच्या पुढे गाडी पळवून नायक सुटतो.

यातल्या पहिल्या दोन गोष्टींना हसून सोडून देता येईल, तिसरीला नाही. हा ढग म्हणजे राख, दगड आणि वायू यांचा लोट. तो ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाने येऊ शकतो आणि त्याचे तापमान कित्येकशे अंश असते. ८ मे १९०२ रोजी मार्टिनिक बेटावरच्या माँ पले या ज्वालामुखीच्या अशाच लोटाने सेंट पिएर हे शहर काही मिनिटांत संपवले. सुमारे २८ हजार माणसे गेली. सिनेमात मात्र हा लोट म्हणजे शर्यतीतला प्रतिस्पर्धी. २०१८ च्या ‘ज्युरासिक वर्ल्ड : फॉलन किंगडम’मध्ये तर तो नायकाला गिळतो, आणि तरी नायक धडधाकट बाहेर येतो. २०१४ च्या ‘पॉम्पेई’तही घोड्यावर बसून पळापळ आहे. खऱ्या पॉम्पेईवर आधी कित्येक तास हलक्या, सच्छिद्र दगडांचा पाऊस पडत होता. त्या वेळात जे निघाले त्यांना वाचण्याची संधी होती. सामान आवरत बसलेल्यांना आणि घरात थांबलेल्यांना लोटाने गाठले.

माझा पहिला आक्षेप इथे आहे. पडदा आपल्याला लाल रंगाला घाबरायला शिकवतो. लाव्हा घरे, शेते, रस्ते गिळतो, पण तो बहुधा इतका सावकाश येतो की माणूस चालत बाजूला होऊ शकतो. माणसे जास्त मारली आहेत ती तप्त लोटाने, चिखलाने, वायूने आणि राखेने. यातले काहीच पडद्यावर लाल दिसत नाही. २१ ऑगस्ट १९८६ रोजी कॅमेरूनमधल्या न्योस तळ्यातून कार्बन डायऑक्साइड बाहेर आला आणि खोऱ्यातली १,७०० च्या आसपास माणसे रात्रीतून गुदमरली. आग दिसली नाही, धूर दिसला नाही. १७८३ साली आइसलँडमधल्या लाकी भेगेतून निघालेल्या फ्लोरिनने गवत विषारी झाले, जनावरे मेली, पाठोपाठ दुष्काळ पडला आणि देशाची सुमारे पाचवा हिस्सा लोकसंख्या संपली.

राखेबद्दलही असाच गैरसमज आहे. ही राख चुलीतली नव्हे. ती दगडाची आणि काचेची बारीक भुकटी असते. ती फुप्फुसात जाते, डोळ्यांत खुपते, पाण्यात विरघळत नाही, आणि भिजली की छपराला पेलवत नाही. साधा रुमाल तिच्यापुढे अपुरा पडतो. चेहऱ्याला घट्ट बसणारा एन-९५ सारखा मास्क लागतो. छपरावर साचलेली राख पावसाआधी, सांभाळून, थोडी थोडी उतरवावी लागते. विमानाच्या इंजिनात ती वितळून चिकटते. १९८२ साली जावा बेटाजवळ ब्रिटिश एअरवेजच्या विमानाची चारही इंजिने गालुंगगुंगच्या राखेत बंद पडली होती. आणि हे सगळे फार दूरचे आहे असेही समजू नये. २३ नोव्हेंबर २०२५ रोजी इथिओपियातला हायली गुब्बी हा ज्वालामुखी उफाळला आणि त्याची राख अरबी समुद्र ओलांडून भारताच्या आकाशात आली. विमाने रद्द करावी लागली. ती खूप उंचावरून गेली म्हणून खाली आपल्याला काही जाणवले नाही, इतकेच.

दुसरा आक्षेप वेळेचा. सिनेमाला दोन तासांत सगळे उरकायचे असते, म्हणून तिथे ज्वालामुखी अचानक येतो. ‘२०१२’ या चित्रपटात तर सूर्याकडून आलेले न्यूट्रिनो पृथ्वीचे पोट तापवतात, आणि हे पहिल्यांदा कळते ते भारतातल्या एका तांब्याच्या खाणीत! न्यूट्रिनो तुमच्याआमच्या अंगातून या क्षणीही अब्जावधींनी आरपार जात आहेत, कुणाला चटकाही बसत नाही. आपला दख्खनचा लाव्हा कसा आला ते बघा. थर पडला, निवला, त्यावर माती झाली, तळी साचली, झाडे उगवली, बेडूक नांदले. मग पुन्हा लाव्हा आला. नागपूरच्या टाकळी भागात दोन थरांच्या मध्ये अडकलेले असे जीवाश्म एकोणिसाव्या शतकातच सापडले. ज्यांच्या नावाने तिथे कॉलेज आहे त्या स्टीफन हिस्लॉप यांनी त्यांचा अभ्यास केला. लाव्ह्याचे काही प्रवाह तर हजार किलोमीटर वाहत आंध्रातल्या राजमहेंद्रीपर्यंत पोचले. दुधावर साय धरते तसे वर कवच धरले आणि आतला रस गरम राहून पुढे सरकत राहिला. या सगळ्याचा प्रामाणिक सिनेमा काढला तर बहुतेक प्रसंगांत काहीच घडणार नाही. पण त्या काळात हवेत गेलेल्या वायूंचा डायनासोरांच्या अंताशी किती संबंध आणि मेक्सिकोत पडलेल्या अशनीचा किती, यावर शास्त्रज्ञ आजही भांडतात. पडद्यावर सगळे श्रेय अशनीला.

खरे नाट्य वेगळ्याच जागी असते. धोक्याची सूचना केव्हा द्यायची, आणि दिली तर ऐकणार कोण? १९७६ साली ग्वादलूप बेटावर ७० हजारांहून अधिक लोकांना हलवले आणि मोठा स्फोट झालाच नाही. वेर्नर हेर्झोग या जर्मन दिग्दर्शकाने त्या ओसाड गावात जाऊन, न घडलेल्या आपत्तीवर ‘ला सूफ्रिएर’ हा माहितीपट काढला. उलट १९८५ साली कोलंबियात नेवादो देल रुईसच्या धोक्याचा नकाशा महिनाभर आधी तयार होता, आर्मेरो गाव त्यात दाखवले होते. १३ नोव्हेंबरच्या रात्री डोंगरावरचे बर्फ वितळून निघालेल्या चिखलाला गावात पोचायला दोन तासांहून अधिक वेळ लागला. तेवढ्या वेळात लोक उंचावर जाऊ शकले असते. कुणी हलवले नाही, आणि आर्मेरोसह त्या खोऱ्यातली सुमारे २३ हजार माणसे गेली.

पुढची गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. आर्मेरोनंतर मोरिस आणि कातिया क्राफ्ट या फ्रेंच दांपत्याच्या चित्रणातून, ज्वालामुखी माणसे कशी मारतो हे दाखवणारी एक चित्रफीत तयार झाली. १९९१ साली फिलिपिन्समधला पिनातुबो जागा झाला तेव्हा तिथल्या अधिकाऱ्यांना आणि लोकांना तीच दाखवली गेली. आकडे आणि आलेख पाहून जे पटले नव्हते ते त्या दृश्यांनी पटवले. १५ जूनच्या प्रचंड स्फोटाआधी हजारो लोक हलले. किमान पाच हजार जीव वाचले, असा अमेरिकेच्या भूशास्त्र सर्वेक्षणाचा अंदाज आहे. जे मेले त्यांतले बरेच वादळी पावसात भिजलेल्या राखेने छपरे कोसळून मेले. क्राफ्ट दांपत्य मात्र त्याच्या बाराच दिवस आधी, ३ जूनला, जपानच्या उनझेन पर्वतावर तप्त लोटात सापडून गेले होते. पळून त्यांनाही सुटता आले नाही. चित्रपटातल्या खरेपणाने काय होते, असे कुणी विचारले तर हे एक उत्तर पुरे आहे.

आता आपल्याकडे या. ऑगस्ट २०१८ मध्ये अमरावती जिल्ह्यात, धारणी तालुक्यातल्या साद्राबाडीत जमिनीतून आवाज आणि हादरे सुरू झाले, लोक घाबरले. १० जुलै २०२४ च्या सकाळी हिंगोलीतल्या ४.५ तीव्रतेच्या भूकंपाने मराठवाडा आणि विदर्भाचा काही भाग हलला. अशा वेळी मोबाइलवर भलत्याच देशातला लाव्हा फिरू लागतो आणि ‘बापा, आता जमीन फुटते का काय’ अशी धास्ती बसते. तेव्हा स्पष्ट सांगायला हवे की वऱ्हाडात ज्वालामुखी फुटणार नाही. ज्या उष्ण स्रोतातून आपला लाव्हा आला असे बहुतेक शास्त्रज्ञ मानतात, तो आज मादागास्करच्या पूर्वेला रीयुनियन बेटाखाली आहे आणि तिथला ज्वालामुखी अजून जागा आहे. आपले भूखंडच उत्तरेकडे सरकत निघून आले. कौंडण्यपूरच्या कातळाचे माहेर असे समुद्रापार राहिले. सालबर्डीचे गरम पाणी खोल भेगांत तापून वर येते, त्याखाली लाव्हा नाही. लोणारचे विवर अशनीच्या आघाताचे आहे, ज्वालामुखीचे नाही.

धोका आहे तो घराच्या भिंतींचा. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीत हजारो माणसे याच काळ्या दगडाखाली गाडली गेली, कारण तो नुसत्या मातीत रचून त्याच्या जाड भिंती उभारल्या होत्या आणि वर जड माळवद होते. जमीन हादरली की लाव्हा शोधू नये. भिंतीला बांधणारा पट्टा आहे का, छपराचा भार किती, झोपण्याच्या जागी डोक्यावर जड काही ठेवले आहे का, हे बघावे. यावर दहा मिनिटांचा, आपल्या बोलीतला, आपल्याच गावातली घरे दाखवणारा चित्रपट काढायला हॉलीवूडचा पैसा लागत नाही. जिल्हा आपत्ती व्यवस्थापनाने तो काढावा, शाळांत दाखवावा, यात्रेत पडदा लावून दाखवावा. त्यात नायक नसला तरी चालेल.