मावशींचं बोट आणि रमाबाई

२०२४ चा नोव्हेंबर. विधानसभेचं मतदान बुधवारी झालं आणि शनिवारी सकाळी मी नेहमीसारखा पिशवी घेऊन मंडईत. मेथीची जुडी देताना मावशींच्या बोटावरची शाई दिसली. त्यांनीही माझं बोट पाहिलं.

"तू न्हाई टाकलंस व्हय मत?"

काय सांगणार? केंद्रावरची रांग बघून मी घरी परतलो होतो. "काम होतं, मावशी," म्हटलं. हे कोणाला सांगतोय? पहाटेपासून गाळ्यावर बसणाऱ्या बाईला! जाम ओशाळलो.

परतताना डोक्यात रमाबाई रानडे घोळत होत्या.

आता तुम्ही म्हणाल, त्यांना कोण विसरलंय? 'उंच माझा झोका' झाली की! बरोबर. पण आपल्या लक्षात राहिली ती अकराव्या वर्षी लग्न झालेली, नवऱ्याने शिकवलेली मुलगी. न्यायमूर्ती १९०१ मध्ये गेले. रमाबाई पुढे २३ वर्षं जगल्या. त्या वर्षांचं काय?

१९०९ मध्ये पुण्यात सेवासदन उभं राहिलं, त्यात रमाबाई पुढे होत्या. सक्तीचं प्राथमिक शिक्षण आधी फक्त मुलग्यांना द्यावं, मुलींसाठी पैसे नाहीत, असा सूर पुण्यात निघाला. खुद्द टिळक त्या बाजूचे. रमाबाईंनी मुलींसाठी चळवळ चालवली. आणि १९२१-२२ मध्ये, साठीच्या आसपास, मुंबई इलाख्यात स्त्रियांच्या मताधिकाराच्या चळवळीचं नेतृत्व केलं. १९१९ च्या कायद्याने इंग्रजांनी हा प्रश्न प्रांतांवर ढकलला होता. १९२१ मध्ये मद्रास आणि मुंबईने दार किलकिलं केलं. मालमत्तेची अट होतीच, म्हणजे मंडईतल्या मावशींना तेव्हा मत मिळालं नसतं. पण 'बाई म्हणून नाही' हे कारण तरी संपलं.

१९२४ मध्ये रमाबाई गेल्या. त्याच वर्षी मंडईत टिळकांचा पुतळा बसला. पुतळ्याबद्दल माझी तक्रार नाही. रमाबाईंचाही उभारा, असंही म्हणणं नाही. पण त्यांची ओळख सांगताना 'न्यायमूर्तींच्या पत्नी' यावरच थांबू नका.

कारण हा नुसता मानाचा प्रश्न नाही. १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीआधी सुमारे २८ लाख बायकांची नावं मतदारयादीतून गळली. का? त्यांनी 'अमक्याची बायको', 'तमक्याची मुलगी' एवढंच सांगितलं होतं. मत द्यायचं तर आधी स्वतःचं नाव लागतं!

असो. पुढच्या वेळी रांग कितीही मोठी असो, उभा राहणार. रमाबाईंची आठवण ठेवायला याहून सोपा मार्ग मला तरी सुचत नाही.

आणि एक. पाच वर्षं त्यांच्याकडून भाजी घेतोय, पण मावशींचं नाव मला माहीत नाही. मतदारयादीला माहीत आहे. येत्या शनिवारी विचारतो.