समुद्रातल्या माशांवर अधिकार कुणाचा, राज्याचा की केंद्राचा?

बुलढाणा जिल्ह्यातल्या सुलतानपूरसारख्या गावासाठी उत्तर सोपं आहे. तलावातली, धरणातली मासेमारी हा राज्याचा विषय. पण मालवणच्या किनाऱ्यावर हाच प्रश्न विचारला, तर 'किती आत?' असा उलट प्रश्न येतो.

रेषा कुठे आहे?

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत मत्स्यव्यवसाय राज्यसूचीत आहे (नोंद २१). पण प्रादेशिक जलधीच्या, म्हणजे १२ सागरी मैलांच्या (सुमारे २२ किमी) पलीकडची मासेमारी संघसूचीत आहे (नोंद ५७). तिथून २०० सागरी मैलांपर्यंत केंद्राचा अधिकार चालतो.

वाद कशावरून?

पर्ससीन जाळं माशांचा अख्खा थवा वेढून ओढतं. त्यामुळे किनाऱ्याजवळ बांगडा, तारली उरत नाही, अशी पारंपरिक मच्छीमारांची तक्रार आहे. फेब्रुवारी २०१६ मध्ये महाराष्ट्राने पर्ससीनवर कडक निर्बंध आणले. पण ते १२ मैलांच्या आतले. 'आम्ही बाहेर पकडले' असं बोटमालकाने सांगितलं, तर खोटं ठरवणं कठीण. मासे मात्र रेषा पाळत नाहीत.

तामिळनाडूच्या बंदीचा वाद सुप्रीम कोर्टात गेला. जानेवारी २०२३ मध्ये कोर्टाने अंतरिम आदेशात १२ मैलांपलीकडे आठवड्यातून दोन दिवस, अटींसह पर्ससीनला परवानगी दिली.

मग केंद्र काय करतं?

एलईडी दिवे लावून मासे पकडण्यावर केंद्राने २०१७ मध्येच बंदी घातली. नोव्हेंबर २०२५ च्या नव्या नियमांनुसार १२ मैलांपलीकडे जाणाऱ्या यांत्रिक बोटींना ऑनलाइन 'अ‍ॅक्सेस पास' लागतो. बिगरयांत्रिक पारंपरिक होड्यांना त्यातून सूट आहे.

मार्ग आहे का?

आहे, आणि तो दरवर्षी दिसतो. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची मासेमारी बंदी असते. आत राज्याचा आदेश, बाहेर केंद्राचा, पण तारखा त्याच. त्यामुळे बोट समुद्रात दिसली की पुरेसं, ती रेषेच्या कुठल्या बाजूला होती हे सिद्ध करावं लागत नाही.

जाळ्यांबाबत असा एकच नियम नाही. तोवर रेषेचा फायदा मोठ्या बोटींना आणि तोटा छोट्या होडीला. शिवाय मासळी कुठेही पकडली तरी उतरते बंदरातच, आणि तिथे तपासणी करणं राज्याच्या हातात आहे.