प्लॉट घेण्याआधी एजंटाला हे विचारा

नंदुरबार, शहादा, नवापूर परिसरात प्लॉट घेऊन ठेवावा असं अनेकांच्या मनात असतं. शिक्षक, शेतकरी, सुरतेला नोकरीला असलेली मंडळी ओळखीच्या एजंटाला गाठतात आणि पहिला प्रश्न भावाचा विचारतात. माझं कळकळीचं सांगणं आहे, पहिला प्रश्न मालकाचा विचारा: "ही जमीन आदिवासी खातेदाराची आहे का?"

आपल्या जिल्ह्यात हा प्रश्न टाळून चालत नाही. १९७२ च्या सुमारास शहाद्यात अंबरसिंग महाराजांच्या नेतृत्वाखाली आदिवासींनी गमावलेल्या जमिनींसाठी लढा उभा राहिला. १९७४ साली महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत कलम ३६-अ आलं. आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला विकत, गहाण किंवा भाडेपट्ट्यानं घ्यायची, तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आधी लागते आणि विक्रीसाठी जिल्हाधिकाऱ्यांनाही शासनाची मान्यता घ्यावी लागते. परवानगीविना झालेला व्यवहार टिकत नाही. पैसे अडकतात, आणि त्याहून वाईट म्हणजे एका कुटुंबाची जमीन हातची जाते. "दुसऱ्याच्या नावावर करून देतो" असं कुणी सुचवलं, तर तिथूनच उठा.

चांगला एजंट इथेच ओळखू येतो. तो सातबारा समोर ठेवतो, 'इतर हक्क' रकान्यावर बोट ठेवून बोजा दाखवतो, वारस आणि भोगवटादार वर्गही दाखवतो. फेरफार, बिनशेती आदेश, मंजूर लेआउट मागितल्यावर कुरकुरत नाही. आणि गरज पडली तर स्वतःची दलाली बुडवून म्हणतो, "साहेब, ही जागा घेऊ नका." असा माणूस भेटला तर त्याला सोडू नका.

कायद्याचा आधारही घ्या. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या जागेवर प्लॉट पाडून विकायचे, तर प्रकल्पाची महारेराकडे, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाकडे, नोंदणी लागते. अशा प्रकल्पातले प्लॉट विकून देणारा एजंटही नोंदणीकृत हवा. नोंदणी राज्यापुरती असते. त्यामुळे गुजरातेत नोंदणी असलेल्या एजंटाला नवापूरचे असे प्लॉट विकायचे, तर महाराष्ट्राची नोंदणी घ्यावीच लागते. प्रकल्पाचा आणि एजंटाचा, दोन्ही नोंदणी क्रमांक महारेराच्या संकेतस्थळावर तपासा. नोंदणीकृत करारनाम्याआधी विकासकाला किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही, हेही लक्षात ठेवा.

आता आपली बाजू. एजंट उन्हातान्हात जागा दाखवतो, तलाठी कार्यालयाच्या चकरा मारतो, आणि सौदा जुळत आला की काहीजण मालकाला परस्पर गाठून त्याला वगळतात. हे करू नका. दलाली किती, कोण देणार, कधी देणार, हे पहिल्याच बैठकीत कागदावर उतरवा. तो दोन्हीकडून घेणार असेल, तर तेही लिहा. पैसे बँकेतून द्या, पावती घ्या. आपलं बजेट खरं सांगा. घ्यायचं नसेल तर स्पष्ट नाही म्हणा, महिनोन् महिने झुलवत ठेवू नका. आणि एजंट कितीही विश्वासू असला, तरी जमिनीच्या मालकीचा शोध अहवाल आपल्या वकिलाकडूनच काढा. चांगल्या एजंटाला त्यात अपमान वाटत नाही.

एजंट बंधू-भगिनींनो, तुमच्याकडेही मागणं आहे. विसार पावती कोऱ्या कागदावर अर्धवट लिहू नका. गट नंबर, क्षेत्र, रक्कम, मुदत सगळं भरा. रस्ता होणार, कारखाना येणार असली आश्वासनं कागद हातात नसताना देऊ नका. आपल्या गावांत माणसं एकमेकांच्या लग्नात आणि मौतीत भेटतात. एक फसवणूक पुढच्या दहा गिऱ्हाइकांना तोडते, आणि एक सरळ व्यवहार त्याच घरातला भाऊ, मेहुणा, शेजारी तुमच्या दारी आणतो.

म्हणून येत्या सौद्याला दोघांनी एवढं तरी करा: आधी कागद, मग भाव, आणि ठरलं ते सगळं लेखी.