'लाईव्ह लोकेशन' असताना एपीआरएस कशाला?

हा प्रश्न मला दर वेळी सॉफ्टवेअरवालेच विचारतात. नेटवर्क कसं चालतं हे ज्यांना माहीत असायला हवं, तेच! म्हणून आज जरा भांडायचंय.

मुद्दा साधा आहे. आपण कुठे आहोत हे कळायला टॉवर लागत नाही. फोनमधलं जीपीएस ते थेट उपग्रहांवरून शोधतं. पण दुसऱ्याला कळवायला टॉवर लागतो, टॉवरला वीज लागते, मागे कंपनीचं अख्खं जाळं लागतं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस पडला, तेव्हा मुंबईत ठिकठिकाणी मोबाईल मुके झाले होते. विसरलात?

एपीआरएस ही बॉब ब्रुनिंगा या अमेरिकन हॅमने उभी केलेली पद्धत. गाडीतला ट्रॅकर जीपीएसकडून अक्षांश-रेखांश घेतो, त्याला कॉलसाइन जोडतो आणि १२०० व २२०० हर्ट्झच्या दोन सुरांत ते पॅकेट व्हीएचएफवर सोडतो. वेग सेकंदाला फक्त १२०० बिट. हसू नका, एवढ्याशा मजकुराला तो पुरतो. उंचावरचा डिजिपीटर पॅकेट ऐकतो आणि पुन्हा प्रसारित करतो. मध्ये ना कंपनी, ना सर्व्हर.

आता मनोरी घ्या. मार्वेहून फेरीबोटीने खाडी ओलांडली की आलं मनोरी. रस्त्याने जायचं तर भाईंदर-उत्तन-गोराई असा भलामोठा वळसा. पुरात मदतीला निघालेली हॅमची गाडी त्या वळशावर नेमकी कुठे अडकली, हे कोण सांगणार? व्हीएचएफला नजरेची सरळ रेषा लागते, आणि खाडीच्या अलीकडे, बोरिवली-कांदिवलीत, उंच इमारतींना काय तोटा?

"मग कोळ्यांच्या बोटींवरच लावा की!" नाही हो. हौशी रेडिओ धंद्यासाठी वापरता येत नाही. बोटींसाठी केंद्राने ऑगस्ट २०२४ मध्ये पालघरहून इस्रोच्या तंत्रावरचे एक लाख ट्रान्सपॉन्डर टप्प्याटप्प्याने बसवायची, सुमारे ३६० कोटींची योजना सुरू केली. म्हणजे समुद्रात नुसत्या फोनवर भागत नाही हे सरकारलाही पटलंय. पटत नाही ते आपल्यालाच!

"पण लोकेशन सगळ्यांना दिसतं!" हो, दिसतं. हौशी रेडिओवर मजकूर कुलूपबंद करता येत नाही. पण ट्रॅकर बंद केला की विषय संपला. तुमच्या फोनबद्दल असं छातीठोक सांगता येईल?

खरी अडचण वेगळीच आहे. ऐकणारा डिजिपीटर नसेल तर ट्रॅकर म्हणजे रानात मारलेली हाक. आणि सोसायटीच्या गच्चीवर मोबाईल कंपनीचा टॉवर भाड्यापोटी चालतो, हातभर हॅम अँटेना मात्र सेक्रेटरींच्या डोळ्यांत खुपतो.

तेव्हा मंडळी, आठवडाभर दुसऱ्यांच्या सर्व्हरसाठी कोड लिहिता ना? एक शनिवार-रविवार हॅमच्या परीक्षेला द्या. रिस्ट्रिक्टेड ग्रेडला मोर्सही लागत नाही. परवाना काढा आणि पुढच्या एजीएमला गच्चीचा विषय मांडा. पाऊस काही आपल्या रिलीज डेटसाठी थांबत नाही.